आईच्या खेळाची प्रत

खोक्याचा तळ सुटला आणि भर रस्त्यात जुन्या व्हिडिओ गेमच्या कार्ट्रिजांचा सडा पडला.

रिकामं खोकं धरलेला उंच माणूस नुसताच खाली बघत राहिला. तेवढ्यात समोरच्या घड्याळांच्या दुकानातून एक मुलगी बाणासारखी धावत आली. त्याला वाटलं, चला, कोणीतरी मदतीला आलं.

"पाय हलवू नका!" ती ओरडली. "टाचेखाली एक आहे!"

तो बगळ्यासारखा एका पायावर उभा राहिला. येणारेजाणारे हसले. तिने खाली बसून एकेक कार्ट्रिज उचललं, बाहीने पुसलं. त्यानेही एक उचललं आणि लहानपणीच्या सवयीने गाल फुगवून—

"फुंकर मारू नका!"

"अहो, पण फुंकर मारली की चालतात ना..."

"थुंकी उडते आत. धातू गंजतो." तिने ते त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावलंच. "तुम्ही करता काय?"

"दंतवैद्य आहे."

"मग तुम्ही तरी असं करू नये! दातातली घाण काय फुंकून काढता?"

तो मोकळेपणाने हसला. "बोलणं भलतंच तिखट आहे तुमचं... पण दात सुरेख आहेत."

असलं कौतुक तिने जन्मात ऐकलं नव्हतं. तिने पटकन तोंड मिटून घेतलं.

दुकान तिच्या बाबांचं. अर्ध्या टेबलावर ते घड्याळं उघडत, उरलेल्या अर्ध्यावर लेकीचा संसार: सोल्डरिंगची सळई, वायरींची भेंडोळी, आणि तिने स्वतः बनवलेली एक राखाडी पेटी. पेटीच्या वरच्या फटीत कार्ट्रिज खोचायचं. मागची वायर कॉम्प्युटरला जोडलेली. बटण दाबलं की कार्ट्रिजमधला खेळ जसाच्या तसा डिस्कवर उतरायचा. मूळ कार्ट्रिज उद्या मेलं, तरी खेळ जिवंत. दोन वर्षं तिने त्या पेटीपायी डोळे फोडले होते. बाबा मात्र पेटीला 'डबडं' म्हणत.

"हे सगळं उतरवून मिळेल?" दंतवैद्याने विचारलं.

"मिळेल. खोकं ठेवून जा."

"नको... एकेक आणतो."

एकेक म्हणजे खरंच एकेक! दर शनिवारी दवाखाना आटोपला की स्वारी एकच कार्ट्रिज घेऊन हजर. ती कापूस ओला करून धातूच्या पट्ट्या पुसायची, तो मान वाकडी करून बघायचा.

"मीही असंच करतो. फक्त माझे पेशंट ओरडतात."

"माझे पेशंट गुणी आहेत. त्यांच्याबरोबर येणारेच बडबड करतात."

"सगळी एकदम का नाही आणत हो डॉक्टर?" एकदा बाबांनी डोळ्यावरचं भिंग न काढताच विचारलं.

"अं... जड होतं खोकं."

बाबांनी मान पुन्हा घड्याळात घातली. पण हसू दाबताना ती जरा जास्तच हलत होती.

मग एका शनिवारी तो नेहमीसारखा हसत आला नाही. रुमालात गुंडाळलेलं कार्ट्रिज त्याने अलगद टेबलावर ठेवलं. त्यावर चित्र नव्हतं, नाव नव्हतं. नुसतं काळं प्लॅस्टिक.

"हे माझ्या आईने बनवलंय."

तिने ते उजेडात धरून उलटंसुलटं केलं.

"खेळ आईचा. संगीत तिचंच, आतली जोडणीसुद्धा तिनेच केलेली. नदी, नाव आणि एक म्हातारा नावाडी. विक्रीला जायच्या आधीच कंपनी बुडाली. नमुना म्हणून काढलेलं हे एवढं एकच उरलं. मी लहानपणी खेळायचो. आता लावलं की पडद्यावर नुसत्या रेघा येतात." त्याचा आवाज उतरला. "आई म्हणते, जाऊ दे. पण मला नाही जाऊ द्यायचं. माझी आई काय चीज आहे, हे लोकांना कळायला हवं."

तिने पेटी सुरू केली. प्रत उतरली. तिने पुन्हा उतरवली. दोन्ही प्रती जुळेनात. तिसरी तर तिसऱ्याच वाटेने गेली.

"आतला एखादा सांधा सुटलाय," ती म्हणाली. "उघडावं लागेल. सळई जरा जास्त तापली, तर जे आहे तेही जाईल."

"जमेल?"

तिच्या नाकपुड्या फुगल्या. "दात काढताना पेशंटने असं विचारलं तर चालतं तुम्हाला?"

"चालतं. मी म्हणतो, घाबरू नका, मी आहे."

ती खाली बघून वायर गुंडाळू लागली. "मग... घाबरू नका. मी आहे."

पण दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायऱ्या चढून आली ती त्याची आई. केस पांढरे, पाठ ताठ. मागे दंतवैद्य, मान खाली घालून.

"माझा खेळ उघडणारी मुलगी तू? काय करणार आहेस, नीट सांग."

तिने सांगितलं. सळई किती तापवणार, कुठे टेकवणार, दोन प्रती तंतोतंत जुळेपर्यंत खरं का मानणार नाही, सगळं. आई मधेमधे खोचून प्रश्न विचारत होती. एका प्रश्नाला मुलगी अडली.

"हे मला माहीत नाही," ती सरळ म्हणाली. "तुम्हीच सांगा. बांधणी तुमची आहे."

आईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. ती खुर्ची ओढून शेजारी बसली. "आमच्या ऑफिसात एकानेही मला असं विचारलं नव्हतं. उघड."

एकीने बोट ठेवून दाखवावं, दुसरीने सळई टेकवावी, असं काम चाललं. दंतवैद्य कोपऱ्यात नखं चावत उभा. बाबांनीही हातातलं घड्याळ खाली ठेवलं होतं. प्रत उतरली. मग दुसरी.

जुळल्या!

कॉम्प्युटरच्या पडद्यावर निळी नदी पसरली. बारीक, टिपक्याटिपक्यांची नाव डोलू लागली आणि एक साधीशी धून दुकानभर घुमली. आईने तोंडावर हात ठेवला. पुढच्याच क्षणी खेळायला बसली, आणि तिसऱ्या वळणावर खडकावर आपटली.

"मेली! केवढं अवघड करून ठेवलंय!" ती स्वतःवरच खदखदून हसली. डोळे मात्र वाहत होते.

महिनाभराने शहरातल्या जुन्या यंत्रांच्या संग्रहालयात तो खेळ मोठ्या पडद्यावर लागला. हॉल गच्च भरला होता. आईला मंचावर बोलावलं, टाळ्यांचा कडकडाट झाला. मग संचालक म्हणाले, "आणि प्रत काढायला एका दुकानाची मदत झाली, त्यांचेही आभार."

दंतवैद्य ताडकन उभा राहिला.

"एक दुकान नाही, साहेब! एक बाई. ती पेटी तिने स्वतःच्या हाताने बनवलीय. आईचा खेळ मरत होता, तो तिने जगवला. ती तिथे बसलीय, तिसऱ्या रांगेत."

सगळ्या माना वळल्या. तिला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. मंचावरून आईने हात पुढे केला, "ये गं वर." ती गेली. मागे बाबा शेजारच्या अनोळखी माणसाला मोठ्याने सांगत होते, "माझी मुलगी. घरीच बनवलंय सगळं. भारी यंत्र आहे हो!"

डबडं नव्हे, यंत्र! तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

कार्यक्रम संपल्यावर ती बाहेरच्या पायऱ्यांवर आली. तो कठड्याला टेकून उभा होता, गुन्हेगारासारखा.

"रागावलीस?" त्याच्या तोंडून पहिल्यांदाच एकेरी गेलं. "म्हणजे... रागावलात?"

"हो. भर सभेत ओरडायची काय गरज होती?"

"गरज नव्हती. पण राहवेना. मला वाटलं, हिच्याबद्दल आत्ता कोणी बोललं नाही तर... मला इतका अभिमान आयुष्यात फक्त आईचा वाटलाय. आणि आता—"

तो अडला. वाक्य काही पुढे सरकेना.

"दुसऱ्यांच्या तोंडात हात घालता," ती म्हणाली, "आणि स्वतःच्या तोंडातून एक वाक्य निघत नाही?"

"भीती वाटते."

"मग मी बोलते. मला माझ्या हातांचा अभिमान आहे. माझ्या बाबांचा आहे. आणि हल्ली... तुमचाही वाटायला लागलाय. तुम्ही माझे कोणी लागत नाही, तरी."

"लागायला आवडेल," तो हळूच म्हणाला. "फार आवडेल."

आत कोणीतरी पुन्हा खेळ सुरू केला होता. पोरंटोरं ओरडत होती, आई मोठमोठ्याने वळणं सांगत होती. तिने त्याच्या कोटाची दुमडलेली कॉलर सरळ केली, दोन बोटांनी, हलकेच... आणि बोटं तिथून काढली नाहीत.

"चल," ती म्हणाली. "बाबांना आपण दोघांनी मिळून सांगू."