ओवलेल्या सुया

काकू डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या त्या लेकीच्या हट्टापायी. लेकीचं म्हणणं, आईला आता दुधात पडलेली माशीसुद्धा दिसत नाही. काकूंचं म्हणणं, दिसत नाही म्हणून शिसारीही येत नाही, बरंच आहे की. बाई तशी हजरजबाबी. शिंप्याच्या दुकानातल्या वकिली कोटांना काज-बटणं करण्यात जन्म गेलेला, म्हणून सगळी गल्ली त्यांना काजवाल्या काकू म्हणायची.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत उजेड मारून पाहिलं. मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायचं असतं ना, असं काकूंनी विचारलं, तर ते हसले. ते दिवस गेले, म्हणाले. आता एवढंच बघायचं, रोजचं काम अडतंय का. अडायला लागलं की वेळ झाली समजायचं. माझं तर काडीचंही अडत नाही, काकू म्हणाल्या. डॉक्टरांना ते काही पटेना.

"मग सुईत दोरा कोण ओवतं?"

"हे ओवतात."

डॉक्टरांनी मान डोलावली. शेजारी बसलेल्या लेकीचा हात मात्र काकूंच्या दंडावर गार पडला. जिन्यात आल्यावर ती हळूच म्हणाली, "आई... बाबांना जाऊन वर्ष झालं गं."

"मला सांगतेस?" काकू म्हणाल्या. मग तिथेच पायरीवर बसून त्यांनी लेकीला सगळं सांगितलं.

काका होते तेव्हा रोज सकाळी खिडकीपाशी लाकडी स्टुलावर बसत, दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करत आणि दिवसभराच्या सुया ओवून सुयांच्या छोट्या उशीत टोचून ठेवत. माणूस लाखात एक, पण काळ्या-निळ्यातला फरक देवानं त्यांना कधी दिलाच नाही. काळ्या कोटासाठी हटकून निळा दोरा ओवायचे. काकूंनी टोकलं की एकच ठरलेलं उत्तर, अंधारात दोन्ही सारखेच. शेवटी त्यांना न्यायच्या वेळी काकूंनी घरातलं निळं रीळ त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घातलं. आता खुशाल ओवा, मी काही बोलायची नाही, असं म्हणाल्या आणि तिथेच कोसळल्या.

त्यानंतर पुन्हा कामाला बसल्या, त्या पहिल्या सकाळी सुई काही केल्या ओवली जाईना. रडून रडून तोंड धुवायला आत गेल्या. परत येऊन उशी चाचपली, तर सगळ्या सुया ओवलेल्या. दोऱ्याच्या टोकाला हात लावला. ओलं होतं... स्टुलाकडे पाहिलं तर तिथे काहीतरी धुरकट, न्हाणीघरातल्या वाफेसारखं, खांदे जरा उतरलेलं. वासही तोच, त्यांच्या तंबाखूचा. पुढे पुढे भीती सरली. राहिली ती एकच: डोळा स्वच्छ झाला आणि स्टूल रिकामं दिसलं तर?

लेकीनं ऐकून घेतलं, वाद घातला नाही. त्या रात्री डॉक्टरांचं बोलणं तेवढं पुन्हा एकदा सांगून आईजवळच झोपली. सकाळी उशीतल्या सुया मोकळ्या होत्या. दुसऱ्या दिवशीही मोकळ्याच. कोट साचत गेले, दुकानातून निरोपावर निरोप यायला लागले. काकूंनी स्वतः ओवून पाहिलं, तर बोटं तेवढी रक्ताळली.

"अहो... रुसलात का?" त्यांनी स्टुलाकडे बघून विचारलं. वाफ तिथेच होती. हात मांडीवर ठेवून नुसती बसलेली.

तेव्हा काकूंना उमगलं. डॉक्टरांचं बोलणं ह्यांनीही ऐकलं होतं. काम अडल्याशिवाय ही बाई ऐकायची नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? म्हणून त्यांनीच काम अडवलं होतं.

"मला दिसायला लागलं, की तुम्ही दिसणार नाही हो," काकू म्हणाल्या. मग लेकीला हाक मारून डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितली.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली आणि काकू घरी आल्या. स्टूल लख्ख दिसलं, बैठकीला गेलेली चीर, वर आलेलं खिळ्याचं डोकं, सगळं. आणि रिकामं. काकू त्याच्यावर डोकं टेकून लहान पोरीसारख्या रडल्या. डोळ्याला पाणी लागू देऊ नकोस, म्हणून लेक सांगत होती, पण ते का कुणाच्या हातात असतं.

पुढे मन रमावं म्हणून लेकीनं त्यांना कामाला बसवलं. खुंटीला एक पुरा झालेला काळा कोट होता, दुकानात पोचवायचा राहून गेलेला. काकूंनी तो उजेडात धरला. बटणामागून बटण निळ्या दोऱ्यानं लावलेलं. शिंप्याला विचारलं, तर तो खाली बघायला लागला. काकू, वर्षभर निळाच येतोय, म्हणाला. तुमचं मन कशाला दुखवायचं, म्हणून बोललो नाही.

तुला दिसत नव्हतं, चुकून निळं रीळ घेतलं असशील, असं लेक म्हणाली. काकूंनी शिवणाचा डबा तिच्यापुढे पालथा केला. रिळं जमिनीवर घरंगळत गेली. सगळी काळी.

"निळं कुठून येईल?" काकू म्हणाल्या. "ते मी त्यांच्याबरोबर दिलं ना."

कोटाच्या शेवटच्या बटणाला निळा दोरा लोंबत होता, कापायचा राहिलेला. कोट कितीतरी दिवस खुंटीला होता. लेकीनं दोऱ्याचं टोक नकळत चिमटीत धरलं, आणि चटका बसावा तसं सोडलं.

"ओलं आहे ना?" काकूंनी हळूच विचारलं.