चार मिनिटं बाकी

बाबांचं यंत्र परत करायला मी ग्रंथालयात गेले तेव्हा ग्रंथपाल बाई चहात बिस्किट बुडवत होत्या. मला पाहून त्या उठल्या, बिस्किट तुटून कपात पडलं. "जाऊ दे, त्याचं आयुष्य तेवढंच," असं म्हणून त्यांनी कप बाजूला सारला आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन ओशाळल्या. मी हसले. बाबाही हसले असते.

हे ग्रंथालय दृष्टिहीनांचं आहे. दोन खोल्या आणि पुस्तकं वाचून नोंदवायला काचेचं एक कपाट, म्हणजे फोनबूथइतकी जागा. स्वयंसेवक तिथे बसून पुस्तकं वाचतात, सभासद घरी बसून ती ऐकतात. प्रत्येकाला एक यंत्र मिळतं. साबणाच्या वडीएवढं, चार बटणांचं, आत स्वतःचं सिमकार्ड असलेलं. त्याशिवाय पाचवं, हिरवं बटण, मत नोंदवायचं. ते दाबून तीन मिनिटं बोलता येतं आणि बोललेलं आपोआप ग्रंथालयात पोचतं. बाई त्यातली निवडक मतं महिन्याच्या पत्रकात छापतात.

हिरव्या बटणाची एक अट आहे. पुस्तक शेवटपर्यंत वाजल्याशिवाय ते चालू होत नाही. बाबांना ती अट फार आवडायची. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला माणूस. काचबिंदूने दृष्टी गेल्यावर त्यांनी नऊ वर्षांत चारशे बारा पुस्तकं ऐकली, आणि चारशे बारा मतं दिली. मिठाच्या व्यापारावरच्या जाडजूड इतिहासाबद्दल ते म्हणाले होते, "सगळे राजे नावानिशी आहेत. मीठ वाहणाऱ्यांपैकी एकाचंही नाव नाही. अकरा तासांत एकजण तरी दमायला हवा होता." शहरांतल्या वृद्धांवरच्या पुस्तकाबद्दल, "लेखिकेने म्हाताऱ्यांना प्रश्न विचारले, उत्तरासाठी मात्र थांबली नाही. वाचणाऱ्या गृहस्थांना सर्दी आहे. बिचाऱ्यांना दोन दिवस सुट्टी द्या." आणि कादंबऱ्यांबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं. कादंबरीत खोटं चालतं, पण ते खोटं आहे हे सांगणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

ऐकताना त्यांना "हं" म्हणायची सवय होती. माणूस बोलत असो की यंत्र, वाक्य संपलं की "हं". बोलणारा थांबला की "आणि मग?" यंत्र काही उत्तर देत नाही हे त्यांना कळायचं, तरी.

बाईंनी यंत्र संगणकाला जोडलं. "एक पुस्तक अपूर्ण दिसतंय हो. कादंबरी. चोवीस मिनिटं बाकी."

"एकतीस," मी म्हटलं. मी छापखान्यात मुद्रितं तपासते. आकडे माझ्या डोक्यात राहतात. शिवाय तो आकडा मी दवाखान्यात वहीत लिहून ठेवला होता.

"इथे तर चोवीस म्हणतंय. रद्द करता येईल, पण मग सरांच्या यादीत तेवढं एकच अर्धवट राहील." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "माझा हात धजत नाही. तुम्ही घरी नेऊन ऐकून टाका ना. घाई नाही."

मी यंत्र पिशवीत टाकलं. बाईंनी नव्या पत्रकाची प्रत हातात दिली. "सरांचं शेवटचं मत आहे यात. बुडालेल्या बंदराचा इतिहास. एकोणीस तारखेला आलं."

बाबा चार तारखेला गेले.

"उशिरा येतात कधीकधी," बाई घाईने म्हणाल्या. "सिमकार्डाचं काही खरं नसतं."

मत मी बसमध्ये वाचलं. बंदर कसं बुडालं ते लेखकाने सांगितलं, पण लोकांना ते कधी कळलं हे सांगितलं नाही, असं काहीसं होतं. बाबांचंच वाक्य. शेवटी लिहिलं होतं, "खुर्ची खिडकीपासून हलवल्यामुळे आता ऊन येत नाही. ठमाबाईने का हलवली, ठाऊक नाही. वाचन स्वच्छ."

ठमाबाई म्हणजे मी. खुर्ची मी बारा तारखेला हलवली होती. खिडकीतली रिकामी खुर्ची बघवत नव्हती म्हणून.

*

दादा दुसऱ्या शहरात असतो. मी फोन करून त्याला सगळं सांगितलं.

"ठमे, बाबांनी खुर्चीबद्दल आधीच कधीतरी कुरकुर केली असेल. त्यांचं काय, उशी हलवली तरी आढावा द्यायचे."

"खुर्ची मी ते गेल्यावर हलवली."

"मग बाईंनी छापताना घोळ घातला असेल. तू नीट जेवतेस ना? हे बघ, तू शेवटी जवळ होतीस. हात हातात होता त्यांचा. मला तेवढंही मिळालं नाही. त्यातच समाधान मान."

मी हो म्हटलं.

इथे मला जे सांगायचं आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

ती कादंबरी एका म्हाताऱ्याची होती. नदीवरचा पूल बोटींसाठी उघडायचा आणि मिटायचा, हे त्याचं काम. त्याची मुलगी पलीकडच्या काठावर राहते आणि वर्षानुवर्षं येत नाही. शेवटचं प्रकरण बाकी होतं. चार तारखेला दुपारी बाबांनी मला यंत्र बंद करायला सांगितलं. ऐकायची ताकद उरली नव्हती. "तू वाचलंयस ना हे? शेवट सांग."

मी वाचलेलं नव्हतं. तरी म्हटलं, "वाचलंय." मग शेवट रचला. दुपारी मुलगी पूल ओलांडून येते. म्हातारा झोपलेला असतो. ती शेजारी बसते, त्याचा हात हातात घेते.

"हं," बाबा म्हणाले. "आणि मग?"

"मग काही नाही. ती तिथेच बसून राहते. शेवटपर्यंत."

"हं." थोड्या वेळाने ते म्हणाले, "पाणी."

मी यंत्र उशीखाली सरकवलं आणि बाटली घेऊन बाहेर गेले. पाण्याची टाकी कॉरिडॉरच्या टोकाला होती, धार बारीक. तीन बेचाळीसला मी छापखान्यातल्या एका निरोपाला उत्तर दिलं. सदतिसाव्या पानाचा क्रमांक चुकला होता. ती वेळ फोनमध्ये अजून आहे. नर्सने कागदावर तीन सेहेचाळीस लिहिलं.

संध्याकाळी दादा पोचला. "तू होतीस ना जवळ?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "होते. हात हातात होता." माझ्याच कादंबरीतलं वाक्य होतं ते. तोंडाशी तयार होतं.

*

ग्रंथालयातून आणलेलं यंत्र मी बाबांच्या टेबलावर ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐकून टाकावं म्हणून, मधलं बटण दाबलं. यंत्र चालू झालं की आधी आकडा सांगतं. ते म्हणालं, "पंधरा मिनिटं बाकी."

घरात मी एकटीच राहते. मी बंद केलं.

पुढच्या दिवशी, "नऊ मिनिटं बाकी." मी मागचं झाकण काढून बॅटरी बाहेर काढली. बॅटरी स्वयंपाकघरातल्या डब्यात, यंत्र टेबलाच्या खणात. दुसऱ्या दिवशी छापखान्यात दिवसभर एकही चूक सापडली नाही. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "आज काय पानं धुतल्या तांदळासारखी आहेत की काय?" मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं तेव्हा एका पानावर सात सापडल्या.

घरी येऊन बॅटरी बसवली.

"चार मिनिटं बाकी."

त्यानंतर आकडा हलला नाही. मी रोज साडेतीन-पावणेचारच्या सुमारास विचारायची. सुट्टी टाकून घरीच राहिले होते. सोमवारी चार. मंगळवारी चार. बुधवारी खुर्ची पुन्हा खिडकीशी नेऊन ठेवली आणि विचारलं. चार.

कुणीतरी तिथपर्यंत येऊन थांबलं होतं.

गुरुवारी मी खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसले. ऊन खुर्चीच्या हातापर्यंत आलं होतं. यंत्र गादीवर ठेवलं आणि बटण दाबलं.

कादंबरी वाचणाऱ्या बाईंचा आवाज भारदस्त, संथ होता. मी त्याची वाट पाहत होते. तो आला नाही.

पंखा ऐकू आला. एक पातं किंचित घासणारा. मग पलीकडच्या खाटेवरचा खोकला. एक चाक कुरकुरणारी औषधांची गाडी लांबून गेली. मग चपला. डाव्या चपलेचा पट्टा सैल होता, त्यामुळे दर दुसऱ्या पावलाला फटक असा आवाज व्हायचा. माझ्याच त्या चपला मी मागच्या महिन्यात टाकून दिल्या.

पावलं लांब लांब गेली.

यंत्र तेव्हा बंद होतं. मीच बंद केलं होतं. पुस्तक संपेपर्यंत त्याला काही नोंदवता येत नाही.

लांबून पाण्याची बारीक धार ऐकू येऊ लागली.

श्वास ऐकू येत होता. आत जाताना अडकणारा, बाहेर येताना शिट्टीसारखा.

मग बाबा म्हणाले, "ठमे?"

मी "काय?" म्हटलं. तोंडातून निघून गेलं. खोलीत माझा आवाज फार मोठा वाटला.

"हं," ते म्हणाले. माझ्या उत्तराला नाही. मी उत्तर दिलंय असं समजून.

मी आवाज वाढवला. यंत्राला वेगही वाढवता येतो, मागेही जाता येतं. आत जाता येत नाही.

धार चालू होती. बाटली कधीच भरली होती. पाणी तोंडावरून वाहून जाळीत पडत होतं, ते मला इथे बसून कळत होतं. तेव्हाही कळत होतं.

श्वास. मग बराच वेळ काही नाही. मग श्वास.

"बरं," बाबा म्हणाले.

त्यानंतर पंखा.

मग चपला परत आल्या. फटक, फटक. दाराशी थांबल्या.

"पुस्तक संपलं," यंत्र म्हणालं. "आपलं मत नोंदवण्यासाठी हिरवं बटण दाबा."

हिरव्या बटणाचा दिवा लागला होता. मी ते दाबलं.

मी सांगितलं. मी तिथे नव्हते हे सांगितलं. शेवट मी रचला होता हेही. हात हातात नव्हता. मी दादाला खोटं सांगितलं, आत्याला, नर्सला, सगळ्यांना. पाणी आणायला गेले होते. सदतिसाव्या पानाचा क्रमांक चुकला होता. धार बारीक होती. पण बाटली भरली होती, मी म्हटलं. बाटली भरली होती आणि मी...

तिथे मी थांबले. पुढचं वाक्य मला माहीत होतं. तो श्वास मला ऐकवत नव्हता, म्हणून मी नळ चालू ठेवून तिथे उभी राहिले होते. घरात नऊ वर्षं एक माणूस प्रत्येक गोष्ट शेवटपर्यंत ऐकत होता, आणि मला चार मिनिटं ऐकवली नाहीत. वाक्य एवढंच होतं. ते तोंडातून येईना. मी यंत्राकडे बघत बसले. तीन मिनिटं झाली आणि हिरवा दिवा गेला.

*

शनिवारी ग्रंथपाल बाईंचा फोन आला.

"सरांच्या क्रमांकावरून मत आलंय. तुम्हीच नोंदवलंत ना?"

"हो," मी म्हटलं. "छापू नका ते."

"छापायचं काय, त्यात काही नाहीच." बाई अवघडल्या होत्या. "म्हणजे तुमचा आवाज आलेलाच नाही. यंत्र बिघडलंय बहुतेक. मी दोनदा ऐकलं. नुसती शांतता आहे, आणि मध्येमध्ये कुणीतरी 'हं' म्हणतंय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"समोर कुणी बोलत असावं आणि आपण ऐकत असावं, तसं. तुमच्यासोबत कुणी होतं का?"

"किती वेळा?" मी विचारलं.

"काय?"

"हं. किती वेळा?"

"मोजलं नाही हो. सात-आठदा असेल." कागद सरकवल्याचा आवाज आला. "आणि अगदी शेवटी विचारतात, 'आणि मग?' त्यानंतर थेट शेवटपर्यंत काही नाही. वाट बघत असल्यासारखं."

बाईंनी कागद बाजूला ठेवला. मग नेहमीच्या, कामाच्या आवाजात म्हणाल्या, "यंत्र एकदा घेऊन या, दुरुस्तीला टाकते. तुम्ही मत नोंदवलंत म्हणता, पण माझ्याकडे ते पुस्तक अजून अपूर्णच दाखवतंय. चार मिनिटं बाकी."