पाव्हण्यांना न दिसलेली हळद

पडद्यावर हळदीचा डोंगर होता आणि पाव्हण्यांना हळद सापडत नव्हती.

"कुठाय?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"ही काय, समोरच," इरूनं भिंतीवरच्या कागदासारख्या पातळ पडद्याला बोट लावलं. "एवढा ढीग आहे. पिवळाधमक."

पाव्हण्यांनी आपले वाटीएवढे डोळे पडद्याजवळ नेले. ढिगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले. मग म्हणाले, "ढिगाचा आकार बरोबर आहे. पण हा ढीग लालभडक आहे आणि त्याच जागी हिरवागारही आहे. पिवळाधमक मात्र मला कुठेच दिसत नाही."

हे पाव्हणं एका दूरच्या ग्रहावरून आले होते. तिथल्या अभ्यासकांनी पृथ्वीवर येऊन लोकांच्या घरात राहायचं, अशी योजना नुकतीच सुरू झाली होती, आणि सांगलीच्या चौगुल्यांच्या वाट्याला हे आले होते. त्यांचं खरं नाव म्हणजे एक लांब शीळ आणि मधे दोन उसासे. ते कुणालाच जमेना. पहिल्या दिवशी इरूचे पप्पा दारात म्हणाले, "या पाव्हणं, बसा," आणि पाहुण्यांना वाटलं, आपल्याला इथलं नाव मिळालं. पुढे खरा अर्थ कळल्यावरही त्यांनी ते नाव सोडलं नाही.

मराठी ते झपाट्यानं शिकले. त्यातही रंगांचे शब्द त्यांना फार आवडले. पांढराशुभ्र, काळाकुट्ट, निळाशार, हिरवागार. "तुमच्या भाषेत रंगांना शेपट्या असतात," ते म्हणायचे. आणि एका रंगाची शेपटी ते दुसऱ्याला कधीही लावत नसत. त्यामुळे ते 'पिवळाधमक नाही' म्हणाले, तेव्हा इरूला ते हसण्यावारी नेता येईना.

शिवाय पडद्यावरची ही फिल्म त्यांच्यासाठीच होती. रविवारी ते परत जाणार होते. त्यांच्या ग्रहावर चित्र काढत नाहीत, फोटो नाहीत, काही नाही. सांगली म्हणून, चौगुल्यांचं घर म्हणून, इरू म्हणून जे काही सोबत नेता येईल ते एवढंच. सातवीतली इरू यंदाच शाळेच्या माध्यम कार्यशाळेत जायला लागली होती. कॅमेरा धरायचा कसा, उजेड कुठल्या बाजूनं घ्यायचा, दृश्यं जोडायची कशी, हे शिकून तिनं केलेली ही पहिली फिल्म.

फिल्म पुढे चालली. कृष्णेचा घाट आला, हातात हिरव्या बांगड्या घातलेली आई आली आणि शेवटी खुद्द इरू कॅमेऱ्याकडे बघून हात हलवू लागली.

पाव्हण्यांनी आवाज खाली आणला. "हिला बरं नाही का?"

"कुणाला?"

"या मुलीला."

"पाव्हणं, ती मी आहे."

त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा इरूकडे. "चेहरा तुझाच आहे," पाव्हणं शेवटी म्हणाले. "पण रंग असा चट्ट्यापट्ट्यांचा. मला वाटलं, तुझी एखादी आजारी बहीण असेल. मला माफ कर, बाळ."

"माफ काय त्यात," इरू म्हणाली. "रंग कमी पडलाय, दुसरं काय. आत्ता नीट करते." तिनं संगणकावर पिवळ्या रंगाची पट्टी पार वरच्या टोकापर्यंत सरकवली आणि फिल्म पुन्हा लावली. ढीग असा पेटला की तिला स्वतःलाच डोळे बारीक करावे लागले.

"आता?"

"आता तिला तापही चढलाय," पाव्हणं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी इरू पाव्हण्यांना घेऊनच कार्यशाळेत गेली. तिथल्या कोष्टी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, आणि कॅमेऱ्याकडे न बघता इरूलाच विचारलं, "पहिल्या तासाला मी फळ्यावर काय लिहिलं होतं?"

"आधी बघणारा कोण ते ठरव."

"मग तू कोण ठरवलं होतंस?"

"पाव्हणं."

"आणि रंग कुणाच्या डोळ्यांनी तपासलेस?"

"माझ्याच," इरू म्हणाली. मॅडमनी तिची पाठ थोपटली. "वाईट वाटून घेऊ नकोस. ही चूक तुझी एकटीची नाही. टीव्ही बनवणाऱ्या सगळ्यांनी हेच केलंय. ये, दाखवते."

त्यांनी एका लहान पडद्यावर नुसता पिवळा चौकोन उमटवला, बोट पाण्यात बुडवलं आणि चौकोनावर एक बारीक थेंब सोडला. "थेंब फुगीर असतो, म्हणून तो भिंगाचं काम करतो. वाकून बघ."

इरूनं एक डोळा मिटून थेंबात पाहिलं. आत बारीक बारीक ठिपके होते. काही तांबडे, काही हिरवे. काही ठिपके विझलेले होते.

"विझलेले ते निळे," मॅडम म्हणाल्या. "पडद्यावर तीनच प्रकारचे ठिपके असतात. तांबडे, हिरवे, निळे. पिवळा ठिपका कुठं दिसतो का?"

"एकपण नाही." इरूनं मान मागे घेतली. चौकोन पुन्हा झक्क पिवळा झाला. ती परत वाकली, परत मागे आली. "पण मला तर दिसतोय की पिवळा."

"तिथंच तर गंमत आहे. चल, पेटीजवळ बस."

आवाजाच्या खोलीत जुनी बाजाची पेटी होती. मॅडमनी भाता हलवायला सुरुवात केली. "सा आणि ग एकदम दाब."

इरूनं दोन्ही पट्ट्या दाबल्या.

"काय ऐकू आलं?"

"सा आणि ग."

"त्यांच्या मधोमध रे आहे. तो वाजला का?"

"न दाबता कसा वाजेल?"

"कानाला नाहीच वाजणार. कानात वेगवेगळ्या सुरांसाठी हजारो वेगवेगळ्या पेशी असतात. सा आला की साची पेशी हलते, ग आला की गची. कानाला फसवता येत नाही. डोळ्याचं मात्र तसं नाही. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी (डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या, शंकूच्या आकाराच्या पेशी) फक्त तीन प्रकारच्या. एक प्रकार तांबड्याकडचा प्रकाश जास्त टिपतो, दुसरा हिरव्याकडचा, तिसरा निळ्याकडचा. पिवळ्यासाठी वेगळी पेशीच नाही."

"मग खरा पिवळा आला तर?"

"इंद्रधनुष्यात पिवळा कुठं असतो?"

"तांबड्या आणि हिरव्याच्या मधे."

"म्हणून तो तांबड्याकडच्या पेशींना थोडा हलवतो आणि हिरव्याकडच्या पेशींनाही थोडा हलवतो. दोघी मेंदूला कळवतात. मेंदू म्हणतो, दोन्हींकडून निरोप आला, म्हणजे पिवळा. आता मी पिवळा पाठवलाच नाही. नुसता तांबडा आणि हिरवा एकदम पाठवला. मग?"

इरूनं पट्ट्यांवरची बोटं उचलली. "दोन्हींकडून निरोप जाणार. मेंदू म्हणणार, पिवळा."

"म्हणजे?"

"म्हणजे सा आणि ग वाजवले आणि मला रे ऐकू आला." ती स्वतःशीच हसली. "मी फसले."

"सगळेच फसतो. आणि फसतो म्हणूनच तीन ठिपक्यांत सगळं जग दाखवता येतं." मॅडम पाव्हण्यांकडे वळल्या. "तुमच्या डोळ्यांत किती प्रकारच्या पेशी आहेत हो?"

"सात," पाव्हणं म्हणाले. मग त्यांना तेवढं पुरेसं वाटलं नसावं. "हळद निळा प्रकाश गिळून टाकते आणि बाकीचा परत पाठवते. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा. माझ्या चार प्रकारच्या पेशी एकदम जाग्या होतात. पडद्यावरून मात्र तांबडा आणि हिरवा, दोनच येतात. नारिंगीची आणि पिवळ्याची जागा रिकामी. म्हणून मला तिथं भोकं दिसतात. इरूच्या चेहऱ्यावरही तशीच भोकं होती."

"मग मी छापून देते," इरू म्हणाली. "कागदावर कुठं ठिपके पेटतात?"

मॅडमनी मान हलवली. "शाई म्हणजे हळद नव्हे. ती प्रकाश वेगळ्या हिशेबानं गिळते. आपल्या तीन पेशींना दोन्ही सारखे वाटतात, यांना नाही वाटणार. इरू, हे जगातल्या सगळ्या कॅमेऱ्यांचं आहे. ते माणसासाठी बनवलेत."

घरी येताना इरू रस्त्यातले खडे पायानं उडवत चालली होती. पाव्हणं तिच्या बाजूनं टुकूटुकू चालत होते. मधेच ते म्हणाले, "मला चित्र नसलं तरी चालेल. मी आठवीन."

"आठवण पुसट होते. आमची तरी होते. तुमची होत नाही?"

पाव्हणं खोटं बोलत नसत. "होते," ते म्हणाले.

संध्याकाळी आई स्वयंपाकाला लागली होती. इरू ओट्याजवळ स्टुलावर बसून राहिली. मग तिनं एकाएकी मिसळणाचा डबा ओढला. "पाव्हणं, ही हळद कशी दिसते?"

"पिवळीधमक."

"आणि हे तिखट?"

"लालभडक."

"ही कोथिंबीर? हे मीठ? आईची बांगडी?"

पाव्हण्यांनी प्रत्येकाला त्याची शेपटी बिनचूक लावली. "पृथ्वीवरचं सगळं मला नीट दिसतं, बाळ. चुकतात ती फक्त चित्रं."

इरू स्टुलावरून उतरली. "आई, पांढरं कापड आहे का गं?"

"कशाला?"

"हळदीचं चित्र हळदीनंच काढायचंय. हळद कुठल्याही डोळ्यापुढं ठेवली, तरी ती हळदीचाच प्रकाश पाठवणार. तीन पेशी असोत, सात असोत, नाहीतर सत्तर."

आईनं गॅस बारीक केला आणि मांजरपाटाचा तुकडा काढून दिला. "आधी साध्या पाण्यातून काढ. साबण राहिला असला तर हळद लाल पडेल. मग तुझे पाव्हणं म्हणायचे, हिला गोवर आलाय."

दोन दिवस चौगुल्यांच्या घरात चालायला जागा नव्हती. इरूनं गव्हाच्या पिठाची खळ शिजवली. हळदीच्या ढिगाच्या जागी तिनं हळद चिकटवली, घाटाच्या जागी घाटावरची वाळू. आईच्या हातांच्या जागी फुटक्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे आले. झाडांना झाडांचीच पानं लावली आणि पानं वाळली की तपकिरी होतील, हे पाव्हण्यांना बजावून ठेवलं. प्रत्येक वेळी ती बाजूला सरकायची, आणि पाव्हणं वाकून बघून म्हणायचे, "बरोबर."

राहिली ती मधली जागा. तिथं इरू यायची होती.

तिनं चहाच्या पाण्यात कागद भिजवून पाहिला. "आजारी," पाव्हणं म्हणाले. नदीची माती लावून पाहिली. "ही माती आहे." मातीत थोडी कॉफी घातली. पाव्हण्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "ही आजारी माती आहे."

इरूला हसूही आलं आणि रडूही. रविवार उजाडला होता. कवलापूरच्या माळावर यान उतरलं होतं, आणि पप्पा गाडी काढायला गेले होते. कापडावरचं सगळं जिथल्या तिथं होतं, फक्त जिची आठवण राहावी म्हणून हा खटाटोप, तीच नव्हती.

'माझा रंग माझ्या कातडीतच आहे,' तिच्या मनात आलं. 'तो काढून देता येत नाही. पण मी म्हणजे नुसता रंग आहे का?'

तिनं वाटीत हळद कालवली, उजव्या हाताचा तळवा पूर्ण माखून घेतला आणि कापडाच्या मधोमध दाबला. मनात दहापर्यंत मोजून हात उचलला.

पाव्हणं जवळ आले. त्यांनी बोटांकडे पाहिलं, तळव्यावरच्या रेषांकडे पाहिलं. करंगळीचा ठसा बाहेरच्या बाजूला जरा वाकडा पडला होता. सायकलवरून पडल्यापासून इरूची करंगळी तशीच होती.

"ही तू आहेस," ते म्हणाले.

"नक्की? रंग माझा नाही हं."

"रंग हळदीचा आहे, आणि तो बरोबर आहे. हात तुझा आहे. या करंगळीनं तू मला पानात लोणचं वाढलं होतंस, चमचा न घेता. आई रागावली होती."

"ते कशाला लक्षात ठेवलंत," इरू म्हणाली आणि नाक पुसायला गेली. नाकाला हळद लागली.

कापड वाळल्यावर तिनं त्यावर काळं अस्तर टाचून दिलं. "बघून झालं की झाकून ठेवा. हळदीचा रंग उन्हात उडतो."

"मग मी रोज थोडाच वेळ बघेन."

माळावर निरोप द्यायला कोष्टी मॅडमही आल्या होत्या. यान आभाळात एवढंसं होईपर्यंत सगळे वर बघत राहिले. परतताना गाडीत इरूनं मॅडमना विचारलं, "सात प्रकारच्या पेशींचा कॅमेरा करता येईल?"

"कॅमेरा करता येईल. प्रकाशाचे सात पट्टे वेगवेगळे गाळून घ्यायचे. भिंगापुढं सात गाळण्या (ठरावीक रंगाचाच प्रकाश आत सोडणाऱ्या काचा) लावायच्या आणि सातदा चित्र घ्यायचं. मग सात प्रकारच्या ठिपक्यांचा पडदा करायचा. काम बरंच आहे."

"उद्यापासून सुरू करूया?"

"करूया. पण एक अडचण आहे. पडदा तयार झाला, तरी तुझ्यामाझ्या डोळ्यांना तो आत्ताच्यासारखाच दिसणार. तो बरोबर झालाय हे तुला कळणार कसं?"

इरू खिडकीबाहेर बघत होती. रस्त्याकडेला हळदीचं शेत लागलं होतं.

"मला नाहीच कळणार," ती म्हणाली. "ते तपासायला पाव्हण्यांनाच परत यावं लागेल."