वैनगंगेची भरती

“माय, काल दुपारी इथी कोणी पाणी टाकलं का?”

राजदीप गुडघ्यांवर बसून रेती चाचपत होता. अंजनाबाईने वेल सरळ करता करता मान वर केली.

“वेडा झाला का गा? एका वेलाले दोन लोटे पाणी पुरवून पुरवून टाकतो आपण. अख्खी ओळ भिजवाले मले का टँकर आला?”

पण खालची ओळ भिजली होती, हे खरं होतं. ती रेती काळपट दिसत होती, तिच्यावर काडीकचरा अडकला होता आणि पाय ठेवला की रुतत होता. १९९९ सालचा मे महिना होता. महिनाभरात आभाळात ढगही दिसला नव्हता.

कोसमघाट हे गाव वैनगंगेच्या उंच काठावर होतं. पण दिवाळीनंतर पाणी ओसरलं की गावातली अकरा कुटुंबं खाली पात्रात उतरत, रेतीत खड्डे करून टरबुजं लावत आणि गवताच्या झोपड्या घालून पोराबाळांसह पावसाळ्यापर्यंत तिथेच राहत. अंजनाबाईची टरबुजांची वाडी सगळ्यात खाली, धारेला लागून होती. आठ दिवसांत फळं तोडायला येणार होती. त्याआधी पाणी वर आलं, तर चार महिन्यांचे कष्ट रेतीत जाणार होते.

राजदीपचे आजोबा लहानू झोपडीच्या सावलीत दोरी वळत बसले होते. त्यांनी ओल्या ओळीकडे नुसतं पाहिलं.

“खालून पाझर फुटला असंन. पन्नास वर्सं झाली मी ही नदी पाहून राह्यलो. मे महिन्यात ते उठत नाई.”

“पाझर असता, आबाजी, तर काडीकचरा वरून वाहत आला नसता,” अदीबा हळूच म्हणाली.

अदीबा राजदीपच्या वर्गातली. तिचे अब्बा जलालुद्दीन गावात घड्याळं दुरुस्त करत. तालुक्याच्या वाचनालयाने सुट्टीत भूगोलाच्या वह्यांची स्पर्धा ठेवली होती आणि चिठ्ठीत तिला विषय आला होता ‘उत्तर स्पेनचा किनारा : जमीन, लोक आणि उद्योग’. वाचनालयातून आणलेलं जाड पुस्तक घेऊन ती, तिचा धाकटा भाऊ सैफ आणि राजदीप रोज वाडीत बसत. डोंगर थेट समुद्रापर्यंत आलेले. पाऊस भरपूर, म्हणून कुरणं हिरवी आणि दुधाचा धंदा मोठा. डोंगरात कोळसा, बंदरात पोलादाचे कारखाने आणि मासे डब्यात भरणाऱ्या बाया.

“कोळसा आपल्या चंद्रपुरातबी आहे,” सैफ म्हणाला होता. “फक्त समुद्र कमी पडला.”

आता अदीबाने तेच पुस्तक उघडलं. “हे ऐका. तिथं ओहोटी लागली की बाया टोपल्या घेऊन रेतीत उतरतात, शिंपल्या वेचतात. भरती आली की तीच रेती पाण्याखाली जाते. म्हणून भरतीचं वेळापत्रक छापून बंदरावर लावतात. वेळ चुकली तर माणूस सापडत नाही.”

“म्हणजे वैनगंगेले भरती आली?” सैफने डोळे मोठे केले.

“मी तसं नाही म्हटलं. आपण मोजून तर पाहू.”

त्यांनी एका बांबूवर कोळशाने बोटाबोटावर खुणा केल्या आणि तो धारेच्या कडेला रोवला. सैफने अब्बांच्या दुकानातून गजराचं घड्याळ आणलं.

“गिऱ्हाईकाचं आहे,” तो म्हणाला. “पाण्यात पडलं तर अब्बा मले पाडतीन.”

सोमवारी तीन वाजून दहा मिनिटांनी पाणी खरंच चढलं. आवाज नाही, लाट नाही. बांबूच्या चार खुणा हळूहळू बुडाल्या आणि सहा वाजेपर्यंत पुन्हा दिसू लागल्या. मंगळवारी तीन वाजून दहा. बुधवारी तीन वाजून दहा. गुरुवारीही तेच.

राजदीप काळजीत पडला. पाणी रोज येत होतं आणि रोज एक-दोन वेल पिवळे पडत होते. गावातल्या मोठ्या माणसांना सांगितलं, तर सगळे हसले. “पोरं सुट्टीत रिकामी असली का नदीबी मोजतात,” एक जण म्हणाला.

शुक्रवारी तिघं बांबूसमोर बसून राहिले. तीन वाजले, चार वाजले, पाणी आलंच नाही. शनिवारी मात्र तीन दहालाच आलं आणि चारच्या जागी आठ खुणा बुडाल्या. दुसरी ओळही भिजली.

अदीबा वहीतल्या आकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिली. आपलं काही चुकत असेल, असं तिला नेहमीच वाटे. तिने पुस्तकातलं पान दोनदा वाचलं आणि मगच बोलली.

“ही भरती नाही. भरती दिवसातून दोनदा येते, आणि दुसऱ्या दिवशी पन्नासेक मिनिटं उशिरा येते. ही एकदाच येते आणि घड्याळ लावून येते. अन् शुक्रवारी सुट्टी घेते.”

“शुक्रवारी तर वरच्या गावचा बाजार असते,” राजदीप म्हणाला. “त्या दिवशी मजूर कामावर जात नाईत.”

“नदी काऊन बाजाराले जाईन?” सैफ म्हणाला.

“नदी नाही जात. माणसं जातात,” अदीबा म्हणाली. “वर कोणीतरी रोज पाणी सोडून राह्यलं. शुक्रवारचं साचलं, ते शनिवारी सोडलं.”

रविवारी सकाळी ते दोन सायकलींवर काठाकाठाने निघाले. सैफ अदीबाच्या मागे घड्याळ मांडीवर धरून बसला होता. वाट खडकाळ होती आणि राजदीपच्या सायकलची चेन दोनदा उतरली. दहा किलोमीटरवर नव्या पुलाचं काम दिसलं, तेव्हा साडेदहा वाजले होते.

पात्रात आडवा मातीचा बांध होता. अलीकडे पुलाच्या खांबांचे खड्डे कोरडे ठणठणीत आणि पलीकडे तळ्यासारखं पाणी, काठोकाठ. बांधाजवळ मोठं खोदकामाचं यंत्र उभं होतं.

एक मजूर घमेलं उपडं करून त्यावर बसला होता. त्याचं नाव पोचू. एटापल्लीकडून कामाला आला होता.

“पोचूभाऊ, तुमी रोज पाणी सोडता का?” राजदीपने विचारलं.

“हो. दोन वाजता पाइप खोलतो. नाई तर बांधावरून जाते ना पाणी.” त्याने यंत्राकडे बोट दाखवलं. “आता कटकट संपली. खांब झाले. आज जेवण झालं का बांधच फोडणार.”

तिघांनी त्या भरलेल्या तळ्याकडे पाहिलं. रोजचं पाणी पाइपातून येत होतं, ते आठ बोटं चढलं होतं. हे तळं एकदम सुटलं तर?

“राजदीप, तू घरी जा,” अदीबा म्हणाली. “सगळ्यांना वर काढ. आम्ही इथं साहेबांना थांबवतो.”

“माय ऐकणार नाई.”

“तरी जा.”

राजदीपने सायकल वळवली आणि तो उभं राहून पायडल मारत गेला.

पुलाच्या कामावरचे साहेब तालुक्याला गेले होते. ते जेवून यायला एक वाजला. तंबूतल्या टेबलावर नकाशा पसरून ते बसले आणि त्यांनी यंत्र सुरू करायला सांगितलं. अदीबाने एका दमात सगळं सांगितलं.

“बाळ, मे महिन्यात नदीत कोण राहतं?” साहेब हसले. “हा बघ नकाशा. हा पूल, हे तुझं कोसमघाट, उंच काठावर. पात्रात नुसती रेती आहे.”

“साहेब, वाडी दिवाळीनंतर लागते आणि पावसाआधी उठते. ती नकाशात कशी येईल?” अदीबाने वही उघडली. तिने काढलेल्या नकाशात धारेलगत ठिपक्यांचा पट्टा होता आणि त्यात अकरा चौकोन. प्रत्येक चौकोनात तिथल्या माणसांची नावं लिहिली होती. “एकोणचाळीस माणसं आहेत. त्यात चौदा लहान पोरं. या वेळेला सगळे झोपडीत झोपलेले असतात.”

“छान काढला आहेस. आता घरी जा.”

बाहेर यंत्राचा लोखंडी पंजा मातीत घुसत होता. अदीबाने वहीचं कोरं पान समोर ठेवलं आणि वर पेन ठेवलं.

“मग एवढं लिहून द्या, साहेब. ‘कोसमघाटजवळच्या पात्रात आज एकही माणूस नाही, याची मी स्वतः खात्री केली आहे.’ खाली सही आणि वेळ.”

“एक वाजून वीस मिनिटं,” सैफने घड्याळ पुढे केलं.

साहेबांनी चिडून पेन उचललं. ‘कोसमघाटजवळच्या पात्रात आज’ इथवर ते झरझर लिहीत गेले. मग पेन मंदावलं. ‘याची मी स्वतः’ या शब्दांपाशी ते थांबलं. साहेबांनी मुलीकडे पाहिलं, चौदा पोरांच्या त्या नकाशाकडे पाहिलं आणि ते खुर्ची ढकलून धावतच बाहेर गेले.

“बंद करा. मशीन बंद करा.”

यंत्र थांबलं. पण बांधाचा अर्धा थर आधीच खरवडला गेला होता. उरलेल्या मातीतून बारीक झरे फुटले, मग एक ढेकूळ सुटलं. पोचू वर चढून पाहत होता. तो उडी मारून बाजूला झाला.

“साहेब, गेला बांध.”

“रोजचं पाणी सत्तर मिनिटांत पोचतं,” अदीबा साहेबांच्या जीपमध्ये चढता चढता म्हणाली. “हे मोठं आहे. अर्धा तास धरा.”

इकडे वाटेत चेन तुटल्याने राजदीपला कोसमघाटला पोचायलाच साडेबारा वाजले होते आणि तो पाऊण तास सगळ्यांच्या पाया पडत होता. कोणी उठायला तयार नव्हतं. “एवढ्या उन्हात कुठी जाऊ गा?” जो तो म्हणत होता. शेवटी त्याने मोठ्यांचा नाद सोडला. तो झोपड्याझोपड्यांतून पोरांच्या कानाशी लागला. “काठावर साहेबाची जीप येणार आहे. गोळ्या वाटणार आहे.” दहा मिनिटांत चौदाही पोरं काठ चढून वर गेली आणि त्यांना ओढायला काही आयाही मागोमाग वर आल्या.

जीप हॉर्न वाजवत आली, तशी पोरं साहेबांना चिकटली. “साहेब, गोळ्या.” साहेबांना काही कळेना. ते पोरांना बाजूला सारून बूट घालूनच रेतीत उतरले आणि धावू लागले.

“बांध फुटला. वर चला. सगळे वर चला.”

साहेब स्वतः ओरडत येताहेत म्हटल्यावर मात्र झोपड्या भराभर रिकाम्या झाल्या. सैफने लहानूआबाजींचा हात धरला. अंजनाबाई तेवढी राहिली. ती खाली वाकून तयार फळं तोडत होती.

“माय, चाल ना.”

“थांब रे. एवढी ओळ तोडू दे. चार महिने...”

राजदीपने तिच्या कमरेला मिठी मारली. “टरबुजं पुढच्या साली लावू. तुले कुठून आणू?”

अंजनाबाईने त्याच्याकडे पाहिलं. दोन टरबुजं काखेत होती, ती तशीच घेऊन ती त्याच्यासोबत पळत सुटली. ते काठाच्या निम्म्यावर असतानाच वळणावरून पाणी आलं. मातकट, फेसाळ, काठ्याकुट्या घेऊन. त्याने आधी त्यांची वाडी घेतली, मग वरच्या वाड्या, मग एकेक झोपडी उचलली आणि पुढे नेली.

काठावर मोजणी सुरू झाली. अदीबा एकेक नाव वाचत होती आणि त्या त्या नावाला “हाय” असं उत्तर येत होतं. एकोणचाळिसावं नाव अंजनाबाईचं होतं. तिने टरबुजं सावरत हात वर केला.

जलालुद्दीन दुकान उघडं टाकून धावत आले होते. त्यांनी अदीबाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो कितीतरी वेळ काढला नाही.

लहानूआबाजी पाण्याकडे पाहत म्हणाले, “पन्नास वर्सं पाह्यली मी ही नदी. तुमी सहा दिवस पाह्यली. पण तुमी मोजली, अन् मी नुसतीच पाह्यली. शाबास रे पोरांनो.”

साहेब जवळच्या दगडावर बसले होते. बूट चिखलाने भरले होते. “सगळ्यांचं नुकसान मी वर लिहून कळवतो,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “चूक माझी आहे, असंच लिहितो.”

अंजनाबाईने काखेतलं एक टरबूज दगडावर आपटून फोडलं. पहिली फोड तिने अदीबाला दिली, मग राजदीपला, सैफला आणि भोवतीच्या पोरांना. उरलेली एक साहेबांपुढे धरली.

“घ्या, साहेब. माह्या वाडीतलं आहे.”

साहेबांनी दोन्ही हातांनी फोड घेतली. रस मनगटावरून ओघळत राहिला. ते समोरच्या पाण्याकडे पाहत होते आणि त्यांना ती तोंडाशी नेता येत नव्हती.