न भाजलेली परात

थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. मिस्त्री आणि त्याची बायको आठ दिवस लेकीकडे राहून सोमवारी संध्याकाळी परतले. मंगळवारी सकाळी फौजदार दारात उभे होते.

"मिस्त्री, तुमच्या मेहुण्याची पेटी तुम्हीच केलेली ना?"

"हो."

"तिचा पाय मोडला. पेटी अंगावर आली, डोक्याला लागलं आणि तो पाण्यात पडला." फौजदारांनी टोपी काढली. "गेला तो."

मिस्त्रीनं चपला पायात सरकवल्या. डावी उजव्या पायात होती, हे त्याला नदीवर पोहोचल्यावर कळलं.

मेहुणा आणि त्याचा भागीदार तीन वर्षं नदीची रेती धुऊन सोनं काढत होते. पेटी म्हणजे लोखंडी पायांवर उतरता ठेवलेला लांब पत्र्याचा पन्हळ. तळाला रबरी पाठीची केसाळ मॅट, वर आडव्या पट्ट्या. वरून रेती आणि पाणी सोडायचं. हलकं ते वाहून जातं, जड ते मॅटमध्ये अडकतं. भागीदार मॅट बादलीत झटकून धुवायचा आणि खाली बसलेला गाळ मेहुण्याला द्यायचा. मेहुणा तो परातीत हलवून सोन्याचे कण वेगळे करायचा.

कण कसले, चिमूटभरही नसायचे. भागीदार म्हणायचा, सामानच भिकार आहे. त्यानं चाळण्या बदलल्या, पंप बदलला, दर महिन्याला मॅट बदलली. महागाचं शोधयंत्र आणलं, त्यानं नदीतले खिळे तेवढे शोधले. पेटीवरून तर मिस्त्रीची थट्टाच व्हायची. 'मिस्त्री, तुमच्या पेटीमुळे खालच्या अंगाचे मासे सोन्याचे दात लावून फिरतात.' मिस्त्री हसायचा. घरी येऊन पेटीचं माप पुन्हा पुन्हा काढायचा.

आता ती पेटी एका कुशीवर पडली होती. मेहुण्याला काठावर आणून चादर घातली होती. मिस्त्रीनं चादर उचलली नाही. तो पेटीपाशी गेला.

वेल्ड तुटलं होतं. त्याच्याच हातचं. पाय आतल्या बाजूला वाकला होता. मिस्त्रीनं मॅटवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं. मेहुण्याच्या हाताजवळ नवी कोरी परात होती. तिच्यात पाण्याचे गोल थेंब थरथरत होते.

फौजदार भागीदाराला विचारत होते.

"तुम्ही किती वाजता आलात?"

"आठला. नेहमी तो आधी येतो."

"आलात तेव्हा?"

"पंप चालू होता. पेटी आडवी. हा पाण्यात." भागीदारानं डोळे पुसले. "काम करता करताच गेला हो. मी त्याला शंभरदा म्हटलं, घरचा माणूस म्हणून कुणाकडूनही सामान करून घेऊ नये. चांगली तयार पेटी घेऊ. ऐकलं नाही."

मिस्त्रीनं ऐकलं. त्याला काहीच वाटलं नाही. पेटीला बारा बोल्ट होते, ते त्यानं मोजले. बाराच होते.

"ही परात कुठली?" त्यानं विचारलं.

"नवीच आणलेली. जुनी गळायला लागली होती."

घरी बायको भिंतीला टेकून बसली होती. रडून झालं होतं, की अजून सुरूच झालं नव्हतं, ते कळत नव्हतं.

"वेल्ड तुमचं होतं?"

"हो."

"तेच तुटलं?"

"तेच."

ती उठली. पाण्याचा तांब्या भरून त्याच्यासमोर ठेवला आणि आतल्या खोलीत गेली. तीस वर्षांत तिनं त्याला शिव्या घातल्या होत्या, टोमणे मारले होते, दोनदा माहेरी निघून गेली होती. अशी गप्प कधी राहिली नव्हती.

मिस्त्रीला एकच हवं होतं. आपल्या हातानं आपला मेहुणा मारला की नाही, हे ठरायला हवं होतं. मारला असेल तर तसं तिला सांगून टाकायचं. मधलं काही नको.

दुपारी तो सामानवाल्या दुकानदाराकडे गेला. दुकानदार फावड्यांना भाव चिकटवत बसला होता.

"वाईट झालं मिस्त्री. बसा."

"नवी परात कधी नेली?"

"मागच्या आठवड्यात. भागीदारानं. पोलादी, चांगली आहे. मी म्हटलं, चाळणीला सांग, आधी विस्तवावर भाज." चाळणी म्हणजे मेहुणाच. चहासुद्धा दोनदा गाळून प्यायचा, म्हणून गावानं ठेवलेलं नाव. "तर भागीदार मला म्हणतो कसा, स्वयंपाक करायचाय का तिच्यात?"

"त्यानं कधी परात हलवलीच नाही."

"ते दिसतंच."

"मॅट किती टिकते?"

"नीट वापरली तर वर्षभर. हा दर महिन्याला नवी न्यायचा. मी स्वतः त्याला सांगितलं, अरे बाबा, माझा धंदा होतोय, पण तुला गरज नाही. तर म्हणे, जुन्या सडल्या, फेकल्या."

"कुठं फेकल्या?"

दुकानदारानं हातातलं फावडं खाली ठेवलं. "ते मी कशाला विचारू?"

मिस्त्री आपल्या वेल्डिंगच्या दुकानात आला. लेकीकडे गेल्यापासून ते उघडलं नव्हतं. निदान त्यानं तरी नाही. दुसरी किल्ली मेहुण्याकडे असायची.

जाताना त्यानं भट्टी झाडून ठेवली होती. आता तिच्यात राख होती. जळक्या रबराचा वास येत होता. पाण्याच्या पिंपाखाली मेहुण्याची जुनी परात होती, भाजून निळी-काळी पडलेली. मिस्त्रीनं ती पाण्यानं भरून पाहिली. एक थेंब गळला नाही. कडेला थोडी राख चिकटली होती. राखेत पिवळं काहीतरी चमकत होतं.

तेव्हा त्याला सोमवारची संध्याकाळ आठवली. मेहुणा उंबऱ्यात उभा होता. जुळ्यांची चौकशी करून म्हणाला होता, "दाजी, उद्या दुपारी दुकानात या. तुमच्या पेटीची एक गंमत दाखवतो." मिस्त्री प्रवासानं आंबला होता. तो म्हणाला होता, "बघू रे उद्या."

तो पिंपाशेजारी बराच वेळ बसून राहिला. मग उठून चौकीवर गेला.

बुधवारी सकाळी मिस्त्रीच्या दुकानात पाचजण होते. फौजदार, भागीदार, दुकानदार, मिस्त्रीची बायको आणि तो. टेबलावर दोन परातींत पाणी भरून ठेवलं होतं, एक जुनी, एक नवी. शेजारी कागदावर चिमूटभर बारीक सोनं.

"हे या भट्टीच्या राखेतलं," मिस्त्री म्हणाला. त्यानं निम्मं जुन्या परातीत सोडलं. ते तळाला जाऊन बसलं. उरलेलं नव्या परातीत सोडलं. ते पाण्यावरच तरंगत राहिलं, पिवळ्या सायीसारखं.

"सोनं तरंगतं?" फौजदारांनी विचारलं.

"नव्या पोलादाला कारखान्याचं तेल असतं. ते पाण्यात उतरलं की बारीक सोनं वर धरून ठेवतं. म्हणून परात आधी भाजायची. मेहुण्याची प्रत्येक परात याच भट्टीत भाजली आहे. ही भाजलेली नाही. म्हणजे ती त्यानं हातात घेतलीच नव्हती."

"घाईत घेतली असेल," भागीदार म्हणाला.

"जुनी असताना? ती गळत नाही. तुमच्यासमोर भरली आहे." मिस्त्रीचा आवाज माप सांगताना असतो तसाच होता. "सोमवारी तो ती इथं घेऊन आला. तुम्ही फेकायला म्हणून काढलेल्या मॅटचा एक तुकडा त्यानं भट्टीत जाळला आणि राख परातीत धुतली. मॅट नुसती झटकून वरचंच निघतं. मुळाशी बसलेलं बारीक सोनं जाळल्यावर मिळतं. तुम्ही ते जाणून होतात. म्हणून मॅट दर महिन्याला सडायची."

"पेटी तुमची मोडली, आणि गोष्टी मला सांगता?"

"पेटीचंच सांगतो. वजनानं पेटी बसली तर पाय बाहेर फाकतो. हा आत वाकला आहे. बाहेरून घण मारल्यावर तसा वाकतो."

भागीदारानं फौजदारांकडे पाहिलं.

"आणि मॅट. एक बादली जरी रेती सोडली, तरी मॅटमध्ये काळी रेती राहते. माझं बोट स्वच्छ निघालं. त्या मॅटवर काम झालंच नव्हतं. मेहुणा सकाळी परातीशिवाय नदीवर आला, कारण तो कामाला आलाच नव्हता. तुम्हाला विचारायला आला होता. तो पडल्यावर तुम्ही पंप लावला, पाय मोडला. पण पेटीतली मॅट महिनाभराची होती. भरलेली. ती तशीच टाकून जायचा धीर तुम्हाला झाला नाही. तेवढी ओढून काढली आणि नवी घातली."

"सगळा तर्क आहे," भागीदार फौजदारांना म्हणाला.

"होता," फौजदार म्हणाले. "तासाभरापूर्वी तुमच्या माळ्यावर आमची माणसं चढली. चौतीस मॅट निघाल्या, गुंडाळून बांधलेल्या. एका मॅटचा कोपरा कापलेला आहे. सगळ्यात वरची अजून ओली आहे."

भागीदार स्टुलावर बसला. "त्यानं मला राख दाखवली," तो म्हणाला. "ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, दाजींची तेवढी माफी माग, पेटी चांगली होती त्यांची. एवढं बोलून पाठ फिरवली. माझ्या हातात फावडं होतं."

त्याला घेऊन गेले. दुकानदार नव्या परातीकडे बघत म्हणाला, "ही मी परत घेतो," आणि ती तिथंच ठेवून निघून गेला.

बायको टेबलापाशी आली. जुन्या परातीच्या तळाला बसलेलं सोनं तिनं बोटानं जरासं हलवलं.

"वेल्ड तुमचं नव्हतं तुटलं."

"तुटलं माझंच. घणानं."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली, आणि मग रडायला लागली. मिस्त्रीनं तिच्यासाठी स्टूल ओढलं. स्वतः उभाच राहिला. 'बघू रे उद्या' म्हणाल्याचं त्यानं तिला त्या दिवशी सांगितलं नाही. पुढं सांगितलं.

भागीदाराला जन्मठेप झाली. सहाव्या वर्षी तुरुंगातच तापानं तो वारला. पेटीचा पाय मिस्त्रीनं पुन्हा जोडला, पण ती नदीवर कधी गेली नाही.

मेहुणा वारला त्या मंगळवारी, सकाळी सातच्या सुमारास. तो अडतीस वर्षांचा होता. जुळी नऊ दिवसांची होती. त्यानं ती पाहिली नव्हती.