शेपटीचे तीन बुधवार

वर्ग बुधवारी होता. ती मंगळवारी पोहोचली, आणि तेही अर्धा तास उशिरा. धापा टाकत तीन मजले चढून गेली, तर दाराला कुलूप आणि पायरीवर मांडीवर पिशवी घेऊन बसलेला एक तरुण.

"वर्ग सुटला?"

"उद्या भरेल," तो म्हणाला. "मीही चुकून आजच आलो. पण मी वेळेवर आलो, हे लक्षात घ्या."

तिला हसू आवरेना. एडीएचडी असलेल्या, म्हणजे लक्ष एका जागी न टिकणाऱ्या, मोठ्या माणसांच्या वर्गाला याहून लायक विद्यार्थी कुठून मिळणार होते?

ती मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. बारा चित्रांचं एक पुस्तक दोन वर्षं अडलं होतं, आणि प्रकाशकाने आता शेवटची तारीख दिली होती. ती हुकली की पुस्तक दुसऱ्या कुणाकडे जाणार. तो घड्याळं दुरुस्त करायचा. गावाची वेळ लावून देणाऱ्या या माणसाने सख्ख्या आत्याचं भिंतीवरचं घड्याळ मात्र चार वर्षं उघडून ठेवलं होतं.

वर्ग घेणाऱ्या बाईंची एक पद्धत होती. दोघांनी समोरासमोर बसायचं, आपापलं काम करायचं आणि पंचवीस मिनिटं चकार शब्द काढायचा नाही. समोर कुणी असलं की भटकं मन जरा लाजून जागेवर राहतं, असं बाई म्हणत. गजर झाला की पाच मिनिटं गप्पा. आणि एकाचं काम संपलं की जोडी सुटणार, दोघांनाही नवे जोडीदार.

बाईंनी या दोघांची जोडी लावली, आणि काय आश्चर्य, चित्रं खरंच होऊ लागली! गप्पांच्या पाच मिनिटांत मात्र दोघं सात विषय सुरू करत आणि एकही संपवत नसत.

"तुमच्या नाकाला निळा रंग लागलाय."

"कुठे?"

"राहू द्या... छान दिसतोय."

पुढची पंचवीस मिनिटं ती लाल कानांनी एकच ढग रंगवत बसली.

पाचव्या बुधवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं. अकरा चित्रं पुरी झाली. बाराव्यात हत्ती होता. सोंड झाली, कान झाले, शेपूट तेवढं राहिलं. आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. दोन बुधवार ती शेपूट काढत होती आणि पुसत होती.

शेपटीच्या तिसऱ्या बुधवारी सकाळी ताईचा फोन आला. "हत्ती गेला न् शेपूट राहिलं, हे मी म्हणीतच ऐकलं होतं गं! खरं सांग, भानगड काय आहे?"

"काम संपलं की तो समोर बसणार नाही, ताई."

"आणि नाही संपलं तर उद्या पुस्तक हातचं जाईल. जन्मात पहिल्यांदा काहीतरी तडीस नेते आहेस, वेडाबाई. ते नको सोडूस."

ते तिला लागलं. त्या दिवशी वर्गात तिने दात-ओठ खाऊन ब्रश उचलला. चौदाव्या मिनिटाला शेपूट झालं. पुस्तक पुरं झालं, आणि तिचे डोळे भरून आले.

त्याने चित्र पाहिलं आणि नियम मोडला. "झालं?"

तिने मान हलवली.

"माझं घड्याळ तीन आठवड्यांपूर्वीच झालंय," तो भडाभडा बोलत सुटला. "दर बुधवारी इथे यायच्या आधी परत उघडतो. आत्या बोलेनाशी झालीये माझ्याशी. पण मला तू आवडतेस — म्हणजे, काम नसलं तरी — बसशील माझ्यासमोर? रोज?"

खोलीतल्या सगळ्या माना वळल्या.

"अजून अकरा मिनिटं आहेत," बाई हसू दाबत म्हणाल्या. "गजर होईपर्यंत एक शब्द नाही. दोघांनीही."

तिने उघडलेलं तोंड मिटलं. आयुष्यभर तिचं वाक्य समोरच्याचं संपायच्या आत निसटायचं, आणि आता एवढासा शब्द जिभेवर धरून अकरा मिनिटं! हाताला काम नाही, बोलायची मुभा नाही; नुसतं एकमेकांकडे बघायचं. त्याने घाम पुसला. तिने पाय हलवला, बोटं मोडली... पण नजर कुठेच भरकटली नाही. शेजारच्या टेबलावरच्या वकीलकाकूंनी फाईल कधीच मिटली होती.

गजर झाला.

"हो," ती म्हणाली. "रोज. मलाही तू आवडतोस, खूप. आता ऊठ. आधी प्रकाशकाकडे चित्र देऊ, मग आत्यांकडे घड्याळ. आणि वाटेत दुसरं काहीही सुरू करायचं नाही!"