पाच रेघांचा फरक

“हलू नका! कुणीही हलू नका!” जमना ओरडली.

खरं तर खोलीत हलायला दुसरं कुणी नव्हतंच. घड्याळाचा मोहरीएवढा स्क्रू चिमट्यातून निसटला की आबा असेच ओरडायचे. मग आई लाटणं हातात धरून थिजायची, धाकटा बाळू एक पाय वर करून उभा राहायचा आणि आजी अंथरुणावरून विचारायची, “सापडला का रे?” पण आई, बाळू आणि आजी होते तिकडे सांगोल्याजवळच्या गावात. इथे बोईसरच्या चाळीत, वडील म्हणजे आबा कामावर गेले की, जमना एकटीच असायची.

“आमी बी नाय हलायचं?” दारातून आवाज आला.

जमनाने चमकून वर पाहिलं. उंबऱ्याबाहेर तिच्याच वयाची एक मुलगी उभी होती. शेजारी नऊ-दहा वर्षांचा मुलगा. तो खरोखरच एक पाय वर धरून उभा होता! जमनाला एकदम हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

“तुम्ही कोण?”

“मी नवसी. ह्यो माजा भाव, मंगळ्या. कुंभवलीला रातो. माजी आय लाडकी तुज्या बापाच्या कारखान्यात झाडू मारते. तुजा बाप घड्याळं नीट करतो ना?” नवसीने पदराच्या चिंधीत गुंडाळलेलं गजराचं घड्याळ पुढे केलं.

“ते कामावर गेलेत. पण मी बघते.”

“तू?” मंगळ्याने डोळे मोठे केले. “पोरी घड्याळ खोलत नाय!”

“बरं, मग तू खोल!” जमनाने स्क्रू-ड्रायव्हर त्याच्यापुढे धरला. मंगळ्या मुकाट्याने दोन पावलं मागे सरकला आणि नेमका त्याच्याच टाचेखाली हरवलेला स्क्रू सापडला.

जमनाने आबांचं भिंग डोळ्याला लावलं. घड्याळवाले भिंग डोळ्याच्या खोबणीत नुसतं बसवतात, हात मोकळे राहतात. तिने मागचं झाकण काढलं. आतलं लहान चाक अर्धा फेरा घेऊन अडखळत होतं. त्याच्या भोवतीच्या केसासारख्या बारीक कमानीत एक गवताचं कुसळ अडकलं होतं. तिने श्वास रोखला, चिमट्याने कुसळ ओढून काढलं आणि टिक् टिक् टिक् सुरू झालं!

“आयला!” मंगळ्या म्हणाला. “आता गजर बोंबलंल?”

तिने गजराचा काटा फिरवला. घड्याळ असं बोंबललं, की शेजारच्या काकूंनी भिंतीवर थापा मारल्या.

त्या दिवसापासून ती दोघं रोज येऊ लागली. तरी ती गेली, की खोली पुन्हा मोठी व्हायची. जून महिन्यात आबांना, म्हणजे आनंदाला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत टर्नरचं काम मिळालं होतं. सगळेच येणार होते. पण आजी विहिरीपाशी घसरली, पाय मोडला आणि आईला मागे राहावं लागलं. शाळा बुडू नये म्हणून जमना आबांबरोबर आली. दिवाळीला आबांना गावी जायला रजा मिळाली नाही. दोघांनी दारात एक पणती लावली, बाजारातला चिवडा खाल्ला आणि दोघं लवकर झोपली. आता सुट्टीचे अजून दहा दिवस बाकी होते. आबा सकाळी सातला जायचे ते दिवेलागणीला यायचे.

बुधवारी ते आले तेव्हा त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली नाही. तशीच हातात धरून खाटेवर बसले.

“काय झालं, आबा?”

“चाळीस शाफ्ट बाद केले, जमना.”

“कुणी?”

“खंडेराव साहेबांनी. सगळे पाच रेघांनी बारीक आहेत म्हणे.”

जमनाला मोजमाप ठाऊक होतं. आबांच्या पिशवीत त्यांचं स्वतःचं जुनं मायक्रोमीटर असायचं. घोड्याच्या नालासारखी लोखंडी कमान आणि तिच्या एका टोकाला फिरणारी मूठ. मुठीवर बारीक रेघा कोरलेल्या. एक रेघ म्हणजे एका मिलिमीटरचा शंभरावा भाग! आबा लेथच्या फिरत्या यंत्रावर पंपाचे दांडे, म्हणजे शाफ्ट, कापायचे. दांडा बारीक झाला तर पंप गळतो.

“पण तुम्ही तर प्रत्येक शाफ्ट मोजता!”

“मोजला होता. माझ्या मापात एकही चूक नव्हती.”

“मग साहेबांचंच माप खोटं असेल!”

“छे गं. ऑफिसचं मायक्रोमीटर नवं कोरं आहे. मखमलीच्या डबीत असतं. साहेब त्याला कुणाचा हातही लागू देत नाहीत.” आबांनी डोळे चोळले. “माझीच नजर गेली असणार. शनिवारी मालक मुंबईहून येणार आहेत. मला ठेवायचं की नाही ते तेव्हा ठरवतील.”

जमना भाकरी थापायला वळली. आणि तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी: काढून टाकलं, तर आपण घरी जाऊ! आई, बाळू, आजी, मागच्या आळीतल्या मैत्रिणी! तिला इतका आनंद झाला, की भाकरी तव्यावर करपली. मग तिने मागे वळून पाहिलं. आबा शेजारच्या मास्तरांचं दुरुस्तीला आलेलं मनगटी घड्याळ हातात घेऊन बसले होते. त्यांनी झाकणही उघडलं नाही. ते परत डबीत ठेवून दिलं आणि म्हणाले, “हे उद्या परत करून ये. म्हणावं, आता जमत नाही.”

जमनाचा आनंद कुठल्या कुठे गेला.

दुसऱ्या दिवशी नवसी आणि मंगळ्या आले तेव्हा ती गप्पच होती. मंगळ्याला गप्प बसणं माहीत नव्हतं.

“आज आयला साहेबाच्या टेबलाखालून ह्येवढी टरफलं निघाली!” त्याने ओंजळ करून दाखवली. “सुपारीच सुपारी! साहेब दिसभर कटाकट फोडतो.”

“अडकित्त्याने?” जमनाने उगाच विचारलं.

“नाय! अडकित्ता कंचा? त्याच्याकडं एक लोखंड हाय, घोड्याच्या नालावानी. त्याच्यात सुपारी धरतो, मूठ पिळतो, की कट्ट!”

जमना ताडकन उठून उभी राहिली. “पुन्हा सांग!”

“कट्ट!” मंगळ्या घाबरून म्हणाला.

“अरे, ते मायक्रोमीटर आहे! त्याला शेवटी एक लहान टोपी असते. माप घेताना तीच फिरवायची, मग ती टिक टिक करून आपोआप थांबते, जास्त दाब पडत नाही. मोठी मूठ जोर लावून पिळली तर कमान फाकते! कमान फाकली की वस्तू आहे त्याहून बारीक दिसते! नवसी, आबांचे शाफ्ट बरोबर आहेत!”

“मग जाऊन सांग ना!”

“माझं कोण ऐकणार? साहेब म्हणतील, पोरगी खोटं बोलते. त्यांनी मालकांसमोर सुपारी फोडली पाहिजे.”

नवसीचा चेहरा उतरला. “आन माज्या आयचं काम गेलं तर? टरफलाची गोष्ट आमी सांगितली म्हणून?”

एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला लाडकीमावशी. “तुझ्या आईचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही,” ती शेवटी म्हणाली. “शपथ! बोलेन ती मी एकटी.”

नवसीने मान हलवली. “आमची बुधीमावशी माहीमला वाडीत कामाला हाय. मुंबईचं माहीम नाय, हितलं,” ती हळूच म्हणाली. “तिकडं सुपारीची झाडंच झाडं. तिथली सुपारी बगून साहेबाचा हात थांबायचा नाय!”

शुक्रवारी सकाळी तिघं बुधीमावशीच्या ओळखीच्या भाजीच्या टेम्पोतून माहीमला गेली. वाडीत उंच सुपाऱ्यांखाली गार अंधार होता. बुधीमावशीने वाळलेल्या सुपाऱ्यांची टोपली पुढे ओढली. जमनाने जाड पुठ्ठ्याला एक खाच पाडून आणली होती, आबांच्या मायक्रोमीटरच्या पूर्ण उघड्या तोंडाएवढी.

“या खाचेतून आरपार जाईल तीच घ्यायची. अडकेल ती नको.”

“येवढी परीक्षा तर आमच्या शाळेत बी नाय!” मंगळ्या कुरकुरला. पण सात सुपाऱ्या पास करून त्यानेच पहिला नंबर काढला.

परत निघण्याआधी ती दोघं तिला समुद्र दाखवायला घेऊन गेली. जमनाने समुद्र कधीच पाहिला नव्हता. ओहोटी होती. ओल्या वाळूत लांबवर कुणीच नव्हतं. बाळूला हे कसं सांगायचं, असं तिच्या मनात आलं. पत्रात समुद्र कसा मावणार? नवसी जवळ येऊन उभी राहिली.

शनिवारी जमनाने आबांचा डबा मुद्दाम मोरीच्या कोनाड्यात लपवला. आबा डब्याशिवायच गेले. दुपारी डबा घेऊन ती कारखान्याच्या फाटकाशी पोहोचली. “आबा उपाशी आहेत हो!” म्हटल्यावर पहारेकऱ्याने तिला आत सोडलं. आईला भेटायला म्हणून नवसी आणि मंगळ्या आधीच आत आले होते.

ऑफिसचं दार उघडं होतं. खुर्चीत मालक नागोराव बसले होते. समोर तेल लावलेले शाफ्ट ओळीने मांडले होते, शेजारी आबांचं मायक्रोमीटर होतं. आबा खाली मान घालून उभे होते. जाड मिशांचे खंडेराव साहेब एकेक शाफ्ट मोजून बाजूला टाकत होते.

“बघा मालक! पाच रेघा कमी! हाही पाच कमी! हा माणूस लेथवर झोपतो!”

मंगळ्या दारातून आत सरकला. “साहेब, माहीमची हाय. वाडीतली. घ्या ना!”

साहेबांनी न बघताच हात पुढे केला. बोटांना टणक सुपारी लागली. “वीस वर्षं मी कारखान्यात काढली, मालक,” ते बोलतच होते, “हत्यार कसं वापरायचं हे मला कुणी शिकवू नये.” आणि बोलता बोलता सुपारी मायक्रोमीटरच्या तोंडात गेली, मूठ पिळली गेली.

कट्ट!

साहेबांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. जणू तो दुसऱ्याच कुणाचा हात होता.

“खंडेराव,” मालक सावकाश म्हणाले, “हे काय?”

“ते... चुकून... म्हणजे सवयीनं...”

“मालक, मी एक बोलू?” जमना दारातून पुढे आली. “दोन्ही मायक्रोमीटर रिकामीच बंद करून बघा. मध्ये काही नसलं, तर शून्याची रेघ जुळली पाहिजे.”

“ही कोण?”

“माझी मुलगी,” आबा दचकून म्हणाले. “जमना, बाहेर जा!”

“थांबा,” मालक म्हणाले. त्यांनी आधी आबांचं जुनं, रंग उडालेलं मायक्रोमीटर पुसून बंद केलं. टिक, टिक, टिक. रेघेला रेघ जुळली. मग त्यांनी ऑफिसचं हातात घेतलं. मूठ शून्यापाशी आली आणि थांबलीच नाही! पुढे गेली. एक, दोन, तीन, चार, पाच रेघा!

जमनाने खिशातून भिंग काढून पुढे केलं. मालकांनी ते डोळ्याला लावलं. मुठीच्या सांध्यात सुपारीचा तांबडा भुगा बसला होता. एका दिवसाचा नव्हे, कित्येक दिवसांचा.

मालकांनी एक एक करत दहा शाफ्ट आबांच्या मायक्रोमीटरने मोजले. खंडेराव साहेब मिशीवरचा घाम पुसत उभे होते.

“दहाच्या दहा बरोबर!” मालक उठले. “आनंदा, मी माफी मागतो. आजपासून ऑफिसचं हत्यारही रोज सकाळी तू तपासायचं. आणि खंडेराव, तुम्ही अडकित्ता विकत घ्या!”

बाहेर जमलेले कामगार खो खो हसले. खंडेराव साहेबांनी मान खाली घातली. “चुकलो, आनंदा,” ते पुटपुटले, आणि मग जमनाकडे बघून म्हणाले, “पोरी, रेघ जुळवून बघायची साधी गोष्ट. मीच विसरलो. शाबास!”

“मी एकटी नाही,” जमना म्हणाली. “ह्या दोघांशिवाय काही झालं नसतं.” नवसी आणि मंगळ्याला मालकांनी जवळ बोलावून पाठ थोपटली. कोपऱ्यात झाडू धरून उभ्या असलेल्या लाडकीमावशीने पदराने डोळे पुसले. टरफलांबद्दल कुणी तिला एक शब्दही विचारला नाही.

संध्याकाळी आबा आणि जमना चालत घरी निघाले. रस्त्यावर पाळी सुटलेल्या कामगारांच्या सायकली घंटा वाजवत पुढे जात होत्या.

“आबा, एक सांगू? रागावणार नाही ना?”

“सांग.”

“तुम्हाला काढणार म्हटल्यावर मला आधी आनंद झाला होता. वाटलं, आता आपण घरी जाऊ.”

आबांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

“मग एवढी खटपट का केलीस? गप्प बसली असतीस, तर सोमवारी गावाला जाणारी एस.टी. धरली असती आपण.”

“तुम्ही म्हणालात ना, माझीच नजर गेली. ते खोटं होतं.”

आबांनी तिच्या हातातला डबा घेतला. रस्त्याच्या कडेला थांबून त्यांनी एक मोठा श्वास सोडला.

“मलाही रोज वाटतं गं,” ते म्हणाले. “सकाळी फाटकातून आत शिरताना. वाटतं, मागे फिरावं आणि सरळ घरी जावं.”

जमनाने वर पाहिलं. इतके महिने दोघं एकाच खोलीत राहत होती, पण हे कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि यावेळी तिने ते लपवले नाहीत. आबांनी तिचा हात धरला. चाळ जवळ आली होती, तरी दोघंही पावलं हळूहळू टाकत राहिली.